लेकराला शाळेत त्रास होतोय? कराटे-ज्युदोच्या क्लासला घालण्याआधी आणि घातल्यावर काय करायचं

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि जुलै लागला की आमच्या मॅटच्या कडेला नवे आईबाबा येऊन उभे राहू लागतात. बहुतेकांचं मागणं एकच असतं: "मॅडम, याला दोन ठोसे तरी मारता आले पाहिजेत, पोट्टे फार त्रास देतात." मी नागपुरात लहान मुलांना ज्युदो शिकवते. या आईबाबांना जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

क्लासचा उपयोग नक्की होतो. पण मूल ठोसे मारायला शिकलं म्हणून त्रास थांबला, असं क्वचितच घडतं. ताठ उभं राहणं, मोठ्याने बोलणं, पडलं तरी न लागणं, कोणी अंगावर आलं तरी गांगरून न जाणं आणि घरी येऊन सांगणं या सवयी कामाला येतात. त्यातल्या निम्म्या क्लासमध्ये लागतात. उरलेलं काम घरी आणि शाळेच्या ऑफिसात तुम्हालाच करावं लागतं.

पायरी १: आधी काय चाललंय ते नीट काढून घ्या

दोन मुलांचं भांडण आणि एका मुलाचा छळ यांत फरक करायला शिका. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून स्वीडन आणि नॉर्वेत या विषयावर काम केलं. त्याने सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात: त्रास मुद्दाम दिला जातो, तो पुन्हापुन्हा होतो, आणि देणारा कुठल्या तरी अर्थाने वरचढ असतो. वरचढ म्हणजे अंगानेच असं नाही. तो वर्गात लाडका असेल, त्याच्याभोवती चारजण असतील, किंवा व्हॅनमध्ये तो सगळ्यात मोठा असेल.

"तुला कोणी मारतं का?" असं थेट विचारलं की मूल "नाही" म्हणतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा बारीक प्रश्न विचारा. आज डबा कोणासोबत खाल्ला? व्हॅनमध्ये कोणाच्या बाजूला बसलास? मधल्या सुट्टीत कुठे होतीस? प्रश्न रोज नको, आणि समोरासमोर बसवून तर मुळीच नको. गाडीवर मागे बसलेलं किंवा भाजी निवडायला सोबत घेतलेलं मूल जास्त बोलतं.

न सांगताही काही गोष्टी दिसतात. पाण्याची बाटली, कंपास, टिफिनचा चमचा वारंवार हरवतो. रविवारी रात्री पोट दुखतं आणि सुट्टीत दुखत नाही. घरी आल्याआल्या मूल पळत बाथरूममध्ये जातं, कारण शाळेच्या बाथरूममध्ये जायला ते घाबरतं. ही शेवटची खूण आईबाबांच्या नजरेतून सहज सुटते.

कळलं की वहीत लिहून ठेवा: तारीख, जागा, कोण होतं, काय झालं. शाळेत गेल्यावर ही वही तुमच्या आवाजापेक्षा जास्त उपयोगी पडेल. जागा खास लिहा. व्हॅन, सायकल स्टँड, ट्यूशनच्या इमारतीखालचं पार्किंग, वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप, मोबाइलवरचा गेम. जागा कळली की अर्धा उपाय तिथेच सापडतो.

आणि "तूही दे ना ठेवून एक" हे वाक्य टाळा. समोरचा वरचढ आहे म्हणूनच तर छळ चालू आहे. मूल मारायला जातं, मार खाऊन येतं, आणि आता आईबाबांनी सांगितलेलंही आपल्याला जमलं नाही असं मनात धरून बसतं. त्यानंतर ते घरी काही सांगत नाही.

मार लागून इजा झाली असेल, पैसे उकळले जात असतील, धमकी असेल किंवा नको तिथे हात लावण्याचा प्रकार असेल, तर क्लासची वाट बघू नका. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलांसाठीच आहे आणि मूल स्वतःही तो लावू शकतं. लैंगिक प्रकार असेल तर तो पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यात येतो. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे, त्यामुळे "आपसात मिटवू" हे कोणाचंही ऐकू नका.

पायरी २: मुलाला विचारून ठरवा

"तू भित्रा आहेस म्हणून तुला क्लासला घालतोय" असं कानावर पडलं तर मूल पहिल्या दिवसापासून हरलेलं येतं. आधी एक दिवस नुसतं बघायला न्या. आवडलं का विचारा. बहीण, भाऊ किंवा कॉलनीतला एखादा मित्र सोबत येणार असेल तर फार बरं. प्रशिक्षकाला शाळेतल्या त्रासाबद्दल जरूर सांगा, पण बाजूला घेऊन. इतर मुलांसमोर सांगितलं तर तीच ओळख मुलाला क्लासमध्येही चिकटते.

पायरी ३: कोणता प्रकार?

मी ज्युदोची आहे, त्यामुळे माझा कल तिकडे असणार हे धरून पुढचं वाचा.

ज्युदो जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये सुरू केला. त्यात ठोसे-लाथा नाहीत. पकड, तोल आणि पडणं आहे. शाळेतला खरा त्रास बहुतेक वेळा ढकलणं, कॉलर धरणं, दप्तर ओढणं, खाली पाडून वर बसणं असाच असतो, आणि ज्युदोत मूल दर तासाला याच गोष्टींतून जातं. कोणाचं वजन अंगावर आलं तरी श्वास घेता येतो, हे शरीराला एकदा कळलं की भीती पुष्कळ कमी होते. सात-आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठी माझी पहिली पसंती म्हणूनच ज्युदोला आहे.

कराटे मूळचं ओकिनावाचं. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये ते जपानच्या मुख्य भूमीवर नेलं. उभं राहण्याची ढब, अंतर राखणं आणि पोटातून येणारा आवाज यांची तयारी कराटेत फार चांगली होते. घुमं, कुजबुजत बोलणारं मूल असेल तर कराटे बघा. पहिला वार आपण करायचा नाही हा तिथला जुना दंडक आहे. तो भिंतीवर नुसता लिहिलेला आहे की खरंच पाळला जातो, ते तपासा.

तायक्वांदो कोरियाचं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ते पदकांच्या खेळांत आहे. दमवणारं आहे आणि मुलांना आवडतं. पण त्याचा सगळा भर लाथांवर आहे, आणि डोक्याच्या उंचीवरची लाथ शाळेच्या आवारात वापरण्यासारखी गोष्ट नाही. स्पर्धेची आवड असेल तर जरूर घाला.

आपल्याकडची कुस्ती विसरू नका. जवळ चांगला आखाडा आणि समजूतदार वस्ताद असतील तर कमी पैशांत ज्युदोसारखंच अंगाला अंग भिडण्याचं शिक्षण मिळतं. लाठीकाठीने खांदे उघडतात आणि मूल धीट होतं, हे खरं. पण मधल्या सुट्टीत हातात लाठी नसते. सरकारी शाळेत सहावी ते बारावीत असलेल्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानातून राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं. तुमच्या शाळेत ते कधी होतं, मुख्याध्यापकांना विचारा.

बारा वर्षांच्या आतल्या मुलाच्या डोक्यावर ठोसे बसू देणारा कुठलाही क्लास मला मान्य नाही, मग त्याचं नाव काहीही असो.

पायरी ४: प्रशिक्षक निवडणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ज्या ओल्वेयसचा उल्लेख वर आला, त्याचाच २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला नॉर्वेतला एक अभ्यास आहे. बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि पूर्वेकडच्या मार्शल आर्ट खेळणाऱ्या लहान मुलग्यांत खेळाबाहेरची मारामारी आणि बेशिस्त कमी झालेली दिसली नाही, उलट वाढलेली दिसली. हा अभ्यास आम्हा शिकवणाऱ्यांना आवडत नाही, पण मी तो प्रत्येक आईबाबांना सांगते. "मार्शल आर्टने शिस्त लागते" ही गोष्ट आपोआप होत नाही. मॅटवर काय बोललं जातं, कोणाचं कौतुक होतं, कोणाची टर उडवली जाते, यावर मूल कुठल्या बाजूला जाणार ते ठरतं.

म्हणून फी भरण्याआधी एक पूर्ण तास कडेला बसून बघा. पालकांना बसू देत नसतील तर तिथून परत या. बसल्यावर बेल्ट, ट्रॉफ्या आणि फोटो बघू नका. सगळ्यात जाड, सगळ्यात हळू किंवा आजच नव्याने आलेलं मूल शोधा आणि तासभर त्याच्याकडेच बघा. त्याला काय नावाने हाक मारतात? "ए मोटू" म्हणून सर स्वतःच हसत असतील तर तुमचं मूल जे सोडून आलं तेच इथे पैसे देऊन मिळणार आहे. जोड्या लावताना वजन आणि वय बघतात का? नव्या मुलावर जुन्याला "हात साफ करायला" सोडतात का? एखादं मूल रडलं तर काय होतं? पकड सोडवायचा इशारा म्हणून मुलाने दोनदा थाप मारली की समोरचा त्या क्षणी सोडतो का, आणि नाही सोडलं तर सर थांबवतात का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर बाकी काही विचारू नका.

मग साध्या गोष्टी. ज्युदोसाठी मॅट हवीच. सिमेंटच्या ओट्यावर किंवा टाइल्सवर पाडापाडी शिकवत असतील तर नको. मुलींच्या बॅचला एखादी बाई असावी. शरीराला हात लावून दुरुस्त्या करताना आधी सांगतात का बघा. प्रथमोपचाराची पेटी उघडून दाखवायला सांगा.

पैशांचं स्पष्ट विचारा: महिन्याची फी, ड्रेस, बेल्ट परीक्षा, प्रमाणपत्र, स्पर्धा. महिन्याची फी कमी आणि दर तीन महिन्यांनी परीक्षेचे पैसे, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी असतो. "वर्षात ब्लॅक बेल्ट" असं लहान मुलाला कोणी कबूल करत असेल तर तो बेल्ट विकतोय. पुढे शालेय क्रीडा स्पर्धांत उतरायचं असेल तर कोणाची नोंद चालते, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारता येतं. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातही एकदा चौकशी करा. मात्र क्लास घरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत असावा असं माझं मत आहे. मनीषनगरहून मानकापूरला रोज नेणं कितीही मनापासून ठरवलं तरी महिनाभरात सुटतं.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. उन्हाळ्यात सकाळी लवकरची किंवा दिवस मावळल्यानंतरचीच बॅच घ्या, आणि मध्ये पाणी पिऊ न देणाऱ्या सरांना शिस्तीचे समजू नका.

पायरी ५: पहिल्या तीन महिन्यांत काय यायला हवं

पहिलं, पडणं. जपानी भाषेत याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, नजर कंबरेच्या पट्ट्याकडे, आणि जमिनीवर टेकताना हात तिरका सोडून तळव्यासकट आपटायचा. हात मागे टेकवून पडलं की मनगट मोडतं. ही एकच गोष्ट नीट आली तरी ढकलून पाडण्यातली भीती जाते, आणि सायकलवरून पडतानाही तिचा उपयोग होतो.

दुसरं, उभं राहणं. पाय खांद्याएवढे फाकलेले, एक जरा मागे, दोन्ही तळवे उघडे, छातीसमोर. मुठी नकोत. उघडे तळवे बघणाऱ्याला "थांब" असं सांगतात, आणि मुठी दिसल्या की मॅडमना दोघं भांडत होते असंच वाटतं. समोरच्यापासून हातभर अंतर. नजर त्याच्या कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर ठेवली तरी चालते, डोळ्यांत बघणं सगळ्यांना जमत नाही.

तिसरं, आवाज. याची तयारी घरीच होते. रोज पाच मिनिटं पुरतात. बाबांनी त्रास देणारा मुलगा व्हायचं, मुलाने उत्तर द्यायचं. ज्या भाषेत त्याला शाळेत चिडवतात त्याच भाषेत उत्तर बसवा. नागपूरच्या पुष्कळ शाळांत मैदानावरचं बोलणं हिंदीतच चालतं, तेव्हा "कृपया मला त्रास देऊ नको" पाठ करून काही होणार नाही. "हात मत लगा." "बॅग छोड." "पीछे हट." दोन-तीन शब्द, एकदाच, जोरात, आणि मग तिथून निघायचं. वाद घालायचा नाही, शिवी द्यायची नाही, रडवेलं हसायचं नाही. सुरुवातीला आवाज फुटत नाही. गच्चीवर किंवा फुटाळा तलावाच्या मोकळ्या काठावर नेऊन ओरडायला लावा, सोबत तुम्हीही ओरडा. सराव संपताना मूल जिंकलेलं असलं पाहिजे. बाबांना खेळात रंग चढतो आणि ते खरंच चिडवायला लागतात, ते आईने थांबवावं.

चौथं, सुटणं. मनगट धरलं तर मागे ओढायचं नाही. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे पकड कच्ची असते, त्या फटीकडे हात फिरवून झटक्यात काढायचा. दप्तर मागून ओढलं तर खांद्यातून सोडून पळायचं, वह्या नंतर मिळतात. भिंतीशी अडवलं तर सरळ समोर न जाता बाजूने सरकायचं. हे तीन प्रकार रोज केले तर पुरेसे आहेत. उंच लाथ मागाहून शिकू द्या.

पायरी ६: कधी वापरायचं, कधी नाही

हे नियम पहिल्या आठवड्यातच घरात ठरवा. चिडवलं, नाव ठेवलं, आईवरून बोललं तर हात नाही. आवाज, निघून जाणं, मोठ्यांना सांगणं. कोणी धरलं, मारलं, निघू देत नसलं, तर सुटण्यापुरतं बळ आणि मग पळणं. समोरचा थांबला की आपणही थांबायचं. कायदाही असाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वतःच्या बचावाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याचा नाही.

मुलाला आणखी एका प्रसंगासाठी तयार करा, कारण तो येतोच. क्लास लावल्याचं वर्गात कळलं की दोघं-तिघं म्हणतात, "दाखव ना बे कराटे." मूल दाखवायला जातं, कोणाला तरी लागतं, आणि ज्याचा छळ होत होता त्याचंच नाव डायरीत लिहून येतं. याचं उत्तर आधीच पाठ करून घ्या: "क्लासला ये, सर दाखवतील."

तुमचं मूल बघ्यांमध्ये असेल तेव्हाचंही बोला. कॅनडात शाळांच्या मैदानावर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादं मूल मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. मध्ये पडणं म्हणजे मारामारीत उडी घेणं नाही. त्रास होणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं आणि "चल, आपला डाव सुरू होतोय" म्हणत त्याला घेऊन यायचं. थोडं धीट मूल हे सहज करू शकतं.

पायरी ७: शाळेत जा, आणि लिहून द्या

क्लास लावला म्हणून शाळेला सुटका देऊ नका. आधी वर्गशिक्षकांना भेटा, शांतपणे, वही घेऊन. मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात "कारवाई करावी" एवढंच लिहू नका, नेमकं मागा: व्हॅनमध्ये जागा बदला, मधल्या सुट्टीत बाथरूमच्या बाजूला एक जण उभा करा, पंधरा दिवसांनी पुन्हा भेटण्याची तारीख द्या. २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. ती आहे का, तक्रारपेटी कोण उघडतं, हे विचारा. व्हॅनवाल्या काकांशी वेगळं बोला, त्यांना पुष्कळ माहीत असतं.

जातीवरून, रंगावरून, आरटीईतून आलंय म्हणून किंवा गोंदिया-गडचिरोलीकडच्या बोलीवरून टोमणे असतील, तर ते शब्द जसेच्या तसे अर्जात लिहा. "मुलांची मस्ती आहे" म्हणून ते झाकलं जाऊ देऊ नका. बाबासाहेबांच्या दीक्षाभूमीच्या या शहरात जातीवरून एखाद्या लेकराचा डबा बाजूला सारला जात असेल तर ते ऑफिसातल्या टेबलावर बोललं गेलंच पाहिजे.

समोरच्या मुलाच्या घरी जाऊन फाटकाशी आवाज चढवू नका. त्याची किंमत दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाला मोजावी लागते.

तीन महिन्यांनंतर

बेल्टचा रंग बाजूला ठेवून काही प्रश्न विचारा. मूल शाळेतलं घरी सांगतं का? क्लासला जायला स्वतः तयार होतं का? नव्या माणसाशी बोलताना मान वर असते का? यातलं काही बदलत असेल तर वाट बरोबर आहे, वेळ द्या. क्लासचीच भीती वाटू लागली असेल तर क्लास बदला, प्रकारही बदला, त्यात हार कसली. झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्याबद्दल वाईट बोलणं निघालं, तर क्लास आणि शाळा दोन्ही मागे ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा किंवा सरळ डॉक्टरांकडे न्या. हा नंबर दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि कधीकधी उलटं दिसतं: मूल धाकट्या भावावर डाव करून बघतंय, कॉलनीतली लहान मुलं त्याला बघून बाजूला होतायत. ज्याने सोसलं तो पुढे देणारा होऊ शकतो, मी हे मॅटवर बघितलं आहे. तसं दिसलं की त्याच दिवशी प्रशिक्षकांना फोन करा. आम्ही अशा मुलाला काढून टाकत नाही. त्याची स्पर्धेची तयारी थोडे दिवस थांबवतो आणि सगळ्यात लहान बॅचला पडायला शिकवायचं काम देतो. घरी तुम्ही त्याला माफी मागायला न्या, सोबत जा, आणि माफी मागून होईपर्यंत मधूनच त्याच्या वतीने बोलू नका.